आधी विचारा, मग हात लावा
नाताळच्या सुट्टीत तारकर्लीला येणाऱ्या कुटुंबांसाठी

डिसेंबर उजाडला की मालवणात आमच्याकडे फोन सुरू होतात. पुण्याहून, कोल्हापूरहून, मुंबईहून, हल्ली दुबईहूनसुद्धा. बोलणं साधारण सारखंच असतं. "नाताळच्या सुट्टीत तारकर्लीला येतोय. किल्ला, स्कुबा, मासे हे होईलच. पण या वेळी मुलांना घेऊन सगळ्यांनी मिळून काहीतरी चांगलं काम करावं म्हणतो. काय करता येईल?" आणि मग लगेच पुढचे प्रश्न: मुलांचे जुने कपडे आणू का? किनाऱ्यावरच्या पोरांना चॉकलेटं वाटू का? एखाद्या आश्रमात मुलांना नेऊन आणू का?

तुमची इच्छा मोलाची आहे. म्हणूनच ती वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. घरून ठरवून आणलेली मदत इथे बऱ्याचदा जागच्या जागी पडून राहते. मी एका वाडीत कपड्यांची तीन गाठोडी पावसाळ्यापर्यंत ओसरीवर भिजताना पाहिली आहेत. देणाऱ्यांनी प्रेमानेच दिली होती, पण घेणाऱ्यांना विचारलं नव्हतं. तेव्हा पुढे जे काही सांगतो आहे त्या सगळ्याच्या आधी एक काम करा. ज्यांच्यासाठी करायचं त्यांना दोन दिवस आधी फोन करून विचारा, आणि ते "नको" म्हणाले तर आनंदाने थांबा.

दिवस कोणता धरावा?

आठवडाभराच्या सुट्टीत एक काम, फार तर दोन. रोज एक पुण्यकर्म असा बेत आखलात तर तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतील आणि तुम्ही चिडाल.

तारखेची अडचण आपल्याला यायला नको. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. २४ डिसेंबरला साने गुरुजींचा जन्मदिवस; १८९९ साली याच कोकणात, दापोलीजवळच्या पालगडला ते जन्मले. २५ला नाताळ. २६ला बाबा आमटे यांचा जन्मदिवस. "आपण ख्रिस्ती नाही, मग नाताळात हे कशाला?" असं घरातल्या आजोबांनी विचारलं तर त्यांना हा आठवडा सांगा. २०ला झाडू हातात घ्यावा, २४च्या रात्री 'श्यामची आई'तलं एक प्रकरण सगळ्यांनी मिळून वाचावं, २५ला शेजारच्या घरी शुभेच्छा द्यायला जावं. यातलं एक जरी जमलं तरी पुरे.

रापणीला हात लावायचा असेल तर

मला विचाराल तर तारकर्ली-देवबागला आलेल्या कुटुंबाने सर्वांत आधी हेच करावं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर आणतात आणि माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढत राहतात. वीस-तीस माणसं सहज लागतात आणि ओढायला तास-दोन तास जातात. जो हात लावेल त्याला मासळीतला वाटा, ही इथली जुनी रीत आहे. इथे कुणी देणारा नाही आणि कुणी घेणारा नाही, दोर सगळ्यांचा. दहा वर्षांच्या मुलाला मदत म्हणजे काय हे समजवायला मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

रापणीला ठरलेली वेळ नसते. भरती-ओहोटी, वारा आणि मासळीचा माग पाहून ती टाकतात. रात्री जेवताना तुमच्या घरमालकांना विचारून ठेवा, "उद्या रापण आसा काय?" मालवणी चुकली तरी चालेल, विचारलंत याचंच त्यांना बरं वाटेल.

किनाऱ्यावर गेल्यावर:

- आधी रापणकरांपैकी जाणत्या माणसाला विचारा, "काका, हात लावू का?" त्यांनी दाखवलेल्या जागीच उभे राहा. दोर कधी वेगात ओढायचा आणि कधी नुसता धरून ठेवायचा हे त्यांच्या हाकेवर चालतं.
- लहान मुलांना रांगेच्या मागच्या टोकाला, मोठ्या माणसाशेजारी ठेवा. दोराच्या वेढ्यात पाय अडकू देऊ नका. ओला दोर तळहात सोलतो, म्हणून हाताला सुती रुमाल गुंडाळा.
- जाळं वर आलं की मुलं धावत सुटतात. शिंगाळ्याच्या काट्याला आणि पाकटाच्या शेपटीला हात लागू देऊ नका. टोचलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात किंवा पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.
- ओढता ओढता फोन काढून चित्रीकरण करू नका. एक माणूस कमी झाला की बाकीच्यांवर भार येतो. घरातल्या एकाने बाजूला उभं राहून, विचारून, फोटो काढावेत.
- वाटा दिला तर दोन्ही हातांनी घ्या. "नको, नको, तुम्हीच ठेवा" म्हणू नका, कारण तो तुमच्या कष्टाचा आहे. मासे जास्त हवे असतील तर मात्र चालू भावाने विकत घ्या, आणि तिथे घासाघीस नको.

एखाद्या दिवशी जाळं रिकामं येतं. मुलांचे चेहरे पडतील, पडू द्या. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी पुन्हा होडी ढकलताना त्यांनी पाहावं.

जाळ्यात किंवा किनाऱ्यावर कासव दिसलं तर

ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२च्या सुमारास वेळासला सुरू केलेलं संरक्षणाचं काम आज किनारपट्टीवरच्या अनेक गावांत पोचलं आहे. तुमची सुट्टी नेमकी या काळात येते, त्यामुळे पहाटे पुळणीवर फिरताना रुंद, नांगरल्यासारखी खूण दिसू शकते.

खूण दिसली तर खणून पाहू नका. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, ती हलवण्याचं काम वनविभाग आणि गावातले कासवमित्र करतात. जागेवर उभं राहून घरमालकांना सांगा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. अंडी घालणारी मादी दिसली तर बॅटरी, फ्लॅश, आवाज सगळं बंद करा आणि लांबून पाहा. जखमी किंवा थकलेलं कासव किनाऱ्याला लागलं असेल तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका (नाकपुड्या मोकळ्या राहू द्या), कुत्री लांब ठेवा आणि फोन करा. समुद्री कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वांत वरचं, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. त्याच्या पाठीवर बसवून मुलाचा फोटो काढणं हासुद्धा गुन्हा ठरतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित जीव अडकला आणि मच्छिमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य शासन त्याला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८पासून आहे. मात्र त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा चित्रफीत लागते, आणि भिजल्या हातांनी जाळं कापणाऱ्याला ती काढता येत नाही. तुम्ही तिथे असाल तर तुमच्या फोनवर सगळं नीट टिपा, त्याला लगेच पाठवा आणि पोचलं का विचारा. चार मिनिटांचं काम आहे, पण त्या घराचं फाटलेलं जाळं त्याने पुन्हा उभं राहू शकतं.

किनारा साफ करताना

गाडगेबाबांचं नाव घेऊन झाडू उचलला तर तो नीट उचलावा. हातमोजे आणि गोणपाट घरूनच आणा. वेळ सुकतीची धरा, म्हणजे ओहोटीची. भरतीच्या रेषेवर कचरा एका ओळीत पडलेला असतो, तिथून सुरुवात करा. काचा मोठ्यांनीच उचलायच्या.

- पुळणीवर पडलेली जाळी, दोर, बोये टाकाऊ दिसले तरी ते कुणाचे तरी असतात. वाळत घातलेलं जाळं "कचरा" म्हणून उचलून नेल्याने भांडण झालेलं मला माहीत आहे. जाळ्याला हात लावण्याआधी विचारा. वाळूत रुतलेलं जाळं ओढून काढू नका.
- मर्यादवेल उपटू नका. जांभळ्या फुलांची ही वेल वाळू धरून ठेवते. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागला, आणि त्याला लागून असलेल्या तारकर्लीला वाळूचं मोल काय ते २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पुन्हा दाखवून दिलं.
- गोळा केलेलं न्यायचं कुठे हे ग्रामपंचायतीला आधीच विचारा. भरलेल्या गोणी रस्त्याकडेला ठेवून गेलात तर त्या रात्री कुत्री फोडतात. सगळ्यांत उत्तम म्हणजे तुम्ही आणलेल्या पिशव्या, बाटल्या आणि वेष्टनं तुमच्याच गाडीतून परत न्या.

स्कुबाला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: मालवणचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. माशांना पाव खाऊ घालणं ही दया नव्हे. प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि वाटाड्या पाव टाकू लागला तर "आम्हाला नको" असं नम्रपणे सांगा.

नाताळ ज्यांचा आहे त्यांच्या घरी

पर्यटक नाताळच्या सुट्टीत येतात, पण इथे नाताळ साजरा करणारी माणसंही राहतात हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. देवबाग, मालवण शहर, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक कुटुंबं आहेत. सिंधुदुर्ग हा वेगळा धर्मप्रांत २००५मध्ये झाला आणि त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीला आहे. 'नाताळ' हा आपला रोजचा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला.

आपण दिवाळीला शेजारी फराळाचं ताट पाठवतो, तसं या घरांतून नाताळला नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचं ताट शेजारीपाजारी फिरतं. तुम्ही उतरलेल्या घराच्या आसपास असं कुटुंब असेल तर घरमालकांना सोबत घेऊन २५ला दुपारनंतर पाच-दहा मिनिटं जाऊन या. हातात काहीतरी असावं: तुमच्या गावचं काही, नाहीतर मालवणच्या बाजारातला खाजा. महागडी भेट नको, परतफेडीचं ओझं होतं. त्यांनी डबा भरून दिला तर तो रिकामा परत करू नये हे तुम्हाला सांगायला नकोच. त्या वर्षी घरात कुणी गेलं असेल तर ते सण करत नाहीत, म्हणून आधी कुणाकडून तरी कळवून जा.

२४च्या रात्रीचा मिस्सा (प्रार्थनाविधी) पाहायचा असेल तर चर्चमध्ये विचारून मागच्या बाकांवर बसा. सगळे उठतील तेव्हा उठा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र उभे राहू नका, तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि दीक्षा घेतलेल्यांनाच दिला जातो. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. बाहेर मांडलेला गव्हाणीचा देखावा मुलांना दाखवा आणि तो कुणी उभारला हे त्यांनाच विचारू द्या. वाडीतल्या पोरांनी रात्री जागून तो केलेला असतो, आणि कौतुक करणारं कुणी आलं की त्यांचे चेहरे फुलतात.

गावात तुमचं घर असेल तर

चाकरमान्यांनो, हे खास तुमच्यासाठी. तुमच्या वाडीत एखादी काकी किंवा आजी एकटी राहत असते. तिला शाल नको असते. तिची अडून राहिलेली कामं असतात, आणि ती करायला तुमच्यासारखा फोन हाताळणारा माणूस जवळ नसतो. एक सकाळ तिच्या ओसरीवर बसा आणि विचारा.

- निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये द्यायचा राहून गेला तर वेतन थांबतं, पण नंतर दाखला दिला की पुन्हा सुरू होतं. 'जीवन प्रमाण'मध्ये फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही तो देता येतो. बोटांचे ठसे उमटत नसलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा मोठाच आधार आहे.
- सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तर आणि त्यावरच्या वयाच्या माणसांना, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचं संरक्षण आहे. आधारवरून नोंदणी होते. घराजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे तेही पाहून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.
- डॉक्टरची खेप. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात तपासणी लांबणीवर पडली असेल तर तुमच्या गाडीतून नेऊन आणा. जुने कागद पिशवीत तारखेप्रमाणे लावायचं काम मुलांना द्या.

फोनवर आलेला ओटीपी तिच्यासमोरच घाला, आणि तो फोनवर मागणाऱ्या कुणालाही द्यायचा नाही हे तिला दोनदा सांगा. मुलांनी या वेळात तिच्याकडून काहीतरी शिकावं, घावणे घालायला किंवा झावळं विणायला. नुसतं घेत राहणं कुणालाच आवडत नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन तिच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आश्रमात जायचं असेल तर

कुडाळ तालुक्यात पणदूर-अणावला जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम आहे. रस्त्यावर आलेल्या निराधार आणि मनोरुग्ण माणसांना तिथे आधार मिळतो. जिल्ह्यात इतरही वृद्धाश्रम आणि बालगृहं आहेत. कुठेही जाताना:

- आधी फोन करून "या महिन्यात तुम्हाला कशाची गरज आहे?" असं विचारा आणि यादीतलंच न्या. नाताळच्या आठवड्यात केक आणि मिठाई सगळेच आणतात. मोठ्यांचे डायपर, औषधं, डाळी आणि साबण यांची गरज बारा महिने असते.
- उरलेलं जेवण नेऊ नका. ताजं शिजवलेलं न्यायचं असेल तर आधी परवानगी घ्या. तिथल्या अनेकांना पथ्य असतं.
- मुलांना "बघा, आपण किती सुखी आहोत" असं तिथे कधीही म्हणू नका. ऐकणाऱ्यांनाही ते ऐकू येतं.
- बालगृहातल्या मुलांचे फोटो, नावं, शाळेचा पत्ता कुठेही टाकायचा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४ने ओळख उघड करण्यावर बंदी आहे. मोठ्यांचे फोटोसुद्धा त्यांच्या संमतीशिवाय नकोत.

पैसे द्यायचे असतील तर पावती मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. आयकरातली सवलत (जी आपण '८०जी' म्हणून ओळखतो) २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला मिळत नाही, म्हणून बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र घ्या. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलत नाही. परदेशातून आलेल्यांनी एक गोष्ट पाहावी. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, अगदी ओसीआय कार्ड असलं तरीही, संस्थेकडे परकीय देणगी स्वीकारण्याची नोंदणी असावी लागते. ती नसताना तुम्ही पैसे दिलेत तर अडचणीत संस्था येते.

किनाऱ्यावर पैसे मागणाऱ्या मुलांच्या हातात नोट किंवा चॉकलेट देऊ नका. शाळेच्या वेळात मूल काम करताना किंवा भीक मागताना दिसलं तर १०९८ला कळवा.

ज्यांच्या घरी उतरलात

नाताळ ते नववर्ष हा इथल्या घरगुती निवासांचा कमाईचा आठवडा, म्हणून त्या घरातल्या बायकांना या दिवसांत क्षणाची उसंत नसते. किती जण जेवणार आणि काय खाणार हे दुपारीच सांगा. सुरमई नसेल तर बांगडा खा. ताटात टाकू नका. शेवटच्या दिवशी अंथरुणं मुलांनी घड्या करून ठेवावीत, आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशींना बक्षीस द्यायचं असेल तर ते मालकांच्या हातात न देता त्यांच्याच हातात द्या, मुलांनी नाव विचारून, "जेवण छान होतं मावशी" असं म्हणून.

आणि ३१च्या रात्री लवकर निजा. पहाटे रापण असेल तर होडी ढकलायला माणसं कमी पडतात.